एका दिवसात वेरूळ
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मी काही वक्ती नव्हे. सातवीपर्यंत शिकलेली, चूल आणि गोठा सांभाळणारी बाई. मागल्या सभेला कार्यवाहबाई म्हणाल्या, "तुम्ही विमानाने जाऊन आलात, त्याचे चार शब्द सांगा." मी नको म्हणत होते. पण पुढे कानावर आले की आपल्यातल्याच काहीजणी म्हणतात, 'ही एकटीच उडून आली, मंडळाला विचारलेसुद्धा नाही.' म्हटले, आता बोललेच पाहिजे. मनात रुसवा ठेवून एकमेकींना हळदीकुंकू लावण्यात अर्थ नाही.

तर आधी पैशांचे सांगून टाकते, म्हणजे तुमचे लक्ष पुढच्या बोलण्याकडे लागेल. तिकिटाला माझी दमडी लागली नाही. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा मुंबईला नोकरीस आहे. त्याने आणि त्याच्या कचेरीतल्या मंडळींनी २०२४ च्या डिसेंबरात वेरूळची एक दिवसाची सहल ठरवली. सकाळच्या विमानाने औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला उतरायचे, तिथे मोटार आणि लेणी समजावून सांगणारा माहितगार तयार, आणि संध्याकाळच्या विमानाने माघारी. बहिणीने त्याला सांगितले, "तुझ्या मावशीला ने. तिचे वेरूळ राहिले आहे."

हे 'राहिले आहे' म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक नाही. मी सातवीत असताना आमच्या शाळेची सहल वेरूळला निघाली होती. वर्गणी अगदी थोडी होती, पण आमच्याकडे पैसा यायचा तो हिरड्याचा, आणि त्या साली हिरडा घरात पडून राहिला. बहीण माझ्यासाठी बाबांशी भांडली, दोन दिवस जेवली नाही. उपयोग झाला नाही. सहल परत आली तेव्हा शेजारच्या बाकावरच्या मुलीने मला कैलास लेण्याचे एक चित्रकार्ड आणून दिले. त्याच वर्षी माझी शाळाही सुटली. ते कार्ड माझ्या लग्नाच्या ट्रंकेत आले आणि अजून आहे. बहिणीने एवढी वर्षे ही गोष्ट मनात ठेवली असेल असे मला वाटले नव्हते.

घरी सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, "उडायचे कशाला? देव काय आभाळात आहे? आपला भीमाशंकर दारात आहे, आणि घृष्णेश्वराला जायचे तर एसटी जाते." यजमान दोन दिवस काहीच बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी माझे आधार कार्ड शोधून पुढ्यात ठेवले आणि म्हणाले, "डेअरीला दूध मी घालीन." आमच्याकडे परवानगी अशीच मिळते.

भाच्याने आधी मंगळवार धरला होता. मग कोणाच्या तरी ध्यानात आले की वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, आणि अजिंठ्याची सोमवारी. हे तुम्हीही लक्षात ठेवा, कामास येईल. शेवटी बुधवार ठरला.

मंगळवारी मी मंचर, नारायणगाव, आळेफाटा, माळशेज करीत एसटीने कल्याण गाठले. पहाटे तीनला उठून विमानतळावर. तिथे पिशव्या यंत्रातून जातात आणि आतले सगळे पडद्यावर दिसते. माझी पिशवी निघेचना. आत सासूबाईंचा अडकित्ता राहून गेला होता! असली धारेची वस्तू हाताशी ठेवून विमानात बसता येत नाही, असा नियम आहे. तो तिथेच ठेवावा लागला. त्या बाईने सौम्यपणेच सांगितले, पण मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. घरी आल्यावर सासूबाईंना भीत भीत सांगितले, तर म्हणतात, "एवढे मोठे विमान, आणि माझ्या अडकित्त्याला भ्याले?"

विमानात बसल्याचे वर्णन मी फार करीत नाही. पट्टा बांधतात, आवाज होतो, पोटात गोळा येतो. झोपाळ्यावर येतो तसाच, पण हा झोपाळा खाली येत नाही. मी डोळे मिटून 'हर हर महादेव' म्हणत होते, तेवढ्यात भाच्याने दंड हलवला. "मावशी, खाली बघ, तुझे डोंगर."

त्याने आदल्या रात्री नकाशावर पट्टीने रेघ ओढून दाखवली होती. मुंबईहून औरंगाबादला सरळ रेघ काढली तर ती आपल्या माळशेज आणि नाणेघाटाच्या अगदी जवळून जाते. विमान काही पट्टीने आखल्यासारखे जात नसेल, पण जवळपास तोच मुलूख. ऊन नुकतेच वर आले होते. डोंगर वरून बघितले तर कोणी घोंगडी झटकून तशीच अंथरली आहे असे दिसतात. कड्याच्या पलीकडे कोकण एकदम खोल गेलेले. मध्ये एक पाणी चमकले. मी म्हटले डिंभे, भाचा म्हणाला पिंपळगाव जोगे. आम्हा दोघांनाही ठरवता आले नाही. बायांनो, मला तेव्हा कसेसेच झाले. जिथे जन्मले, जिथे लग्न होऊन आले, जिथली पाऊलवाट न् पाऊलवाट तुडवली, तो मुलूख मला वरून ओळखता येईना. बघता बघता मागे पडला. आदल्या दिवशी ज्या घाटात एसटी घुं घुं करीत वळत होती, तो मिटल्या डोळ्यांच्या आत सरला.

चिकलठाण्याच्या विमानतळावरून वेरूळ मोटारीने तासाभराच्या आसपास. एकंदर ३४ लेणी. पहिली १२ बौद्धांची, पुढची १७ हिंदूंची, शेवटची ५ जैनांची. १९८३ पासून जगाच्या वारसा-यादीत त्यांचे नाव आहे. पण एका दिवसाच्या पाहुण्याने सगळी बघायचा हट्ट धरू नये. आम्ही सात पाहिली, आणि त्यातल्या दोन ठिकाणी मी नुसतीच पायरीवर बसून गुडघे चोळले.

कैलास म्हणजे १६ नंबर. राष्ट्रकूटांचा राजा कृष्ण पहिला, त्याच्या काळातले, आठव्या शतकातले. माझ्या कार्डावर ते देऊळ तळहाताएवढे होते. तिथे उभी राहिले तर मान दुखेपर्यंत वर बघावे लागले. माहितगार गृहस्थ म्हणाले, "हे बांधलेले नाही. वरून खाली खोदत आणले आहे. आधी कळस, शेवटी पाया." आपण घर बांधताना चूक झाली तर वीट काढून दुसरी लावतो. इथे चुकीचा एक दगड गेला की गेला, परत लावायला नाही. पिढीने कळस केला आणि पायरी दुसऱ्या पिढीने केली असेल, कोण जाणे. सहलीला न गेलेली मी, तीस वर्षांनी त्या पायरीवर उभी होते. डोळ्यांतून पाणी आले. भाच्याला वाटले मला चक्कर आली; त्याने लिंबू सरबत आणले.

तिथे एक चित्र, म्हणजे शिल्प, मी विसरणार नाही. रावण खालून कैलास पर्वत हलवतो आहे. वर शंकर निवांत बसलेले, पार्वती घाबरून त्यांना बिलगली आहे, आणि मागे एक दासी पळत सुटली आहे. सगळे लोक शंकराकडे आणि रावणाच्या दहा तोंडांकडे बघत होते. मी त्या दासीकडे बघत राहिले. डोंगर हलला की मोठ्यांना आधार असतो, कामवाली बाई कुठे जाणार? ती पळणारच.

आणि डोंगर हलणे आपल्या भागात गोष्टीतले नाही. ३० जुलै २०१४ ला पहाडाने माळीण पोटात घेतले. आमच्या नात्यातली दोन घरे त्यात होती. त्यामुळे डोंगराच्या पोटात कोरलेल्या त्या दालनात शिरताना माझे पाय अडले. मी माहितगारांना विचारले, हे पडत नाही का हो? त्यांनी हसण्यावारी नेले नाही. म्हणाले, "बाई, हा अखंड कातळ आहे. उतारावरची माती पावसाने सुटते, तसा हा सुटत नाही. पण पाणी यालाही झिरपते, भेगा यालाही पडतात, म्हणून तर सारखी देखभाल करावी लागते." एवढे ऐकल्यावर मी आत गेले. २१ नंबरात शंकर-पार्वती सारीपाट खेळताना कोरलेले आहेत. १० नंबरात छताला लाकडी वाशांसारख्या कमानी आहेत, आणि सगळे दगडाचे. म्हणून त्याला 'सुतार की झोपडी' म्हणतात.

आता ज्या गोष्टीसाठी मी बोलायला उभी राहिले ती सांगते. जेवणाच्या वेळी त्या गृहस्थांनी प्रत्येकाला गाव विचारले. मी म्हटले, "भीमाशंकरच्या वाटेवर, जुन्नर-आंबेगावाकडे." त्यांनी हातातला घास खाली ठेवला. "जुन्नरकडच्या? मग वेरूळला कशाला आलात? तुमच्याकडे दोनशेच्या वर लेणी आहेत, आणि कैलासापेक्षा कितीतरी शतके जुनी. नाणेघाटातला नागनिकेचा लेख पाहिला असेलच तुम्ही?"

मी पाहिला नव्हता. खोटे कशाला बोलू, त्या राणीचे नावही मला धड आठवत नव्हते. लेण्याद्रीला मी संकष्टीला कितीदा गेले आहे. पावणेतीनशेच्या वर पायऱ्या चढायच्या, गिरिजात्मजाला हात जोडायचे, नारळ फोडायचा, माकडांपासून पिशवी सांभाळायची आणि उतरायचे. आपण देवापुढे बसतो त्या सभामंडपाच्या कडेच्या कोठड्या बौद्ध भिक्षूंच्या राहण्याच्या होत्या, आणि शेजारी पुरे चैत्यगृह आहे, हे मला वेरूळला जेवताना कळले. विमानात बसून कळले म्हणा ना.

त्यांनी मग पुष्कळ सांगितले. कल्याणच्या बंदरातून माल नाणेघाट चढून जुन्नरला यायचा. म्हणजे मी माळशेजातून एसटीने गेले, त्याच्या शेजारची ही दोन हजार वर्षांची वाट. या व्यापाऱ्यांनी लेणी कोरवली. दान देणाऱ्यांत धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी आहे, आणि यवन, म्हणजे परदेशातून आलेले ग्रीक लोकही आहेत. एका यवनाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला, दुसऱ्याने पाण्याची टाकी दिली. मानमोडीच्या डोंगरात तर लेण्यांच्या एका गटाचे नावच 'भीमाशंकर' आहे, आणि तिथे नहपान राजाच्या अयम नावाच्या अमात्याचा लेख आहे. त्यानेही मंडप आणि टाकेच दिले. पाण्याचे महत्त्व त्या काळीही डोंगरातल्या माणसाला कळत होते. आपण मात्र एप्रिलमध्ये टँकरची वाट बघतो.

शेवटी घृष्णेश्वराचे दर्शन झाले. हे देऊळ अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात पुन्हा उभे केले. भीमाशंकर हे एक ज्योतिर्लिंग आणि घृष्णेश्वर हे दुसरे. सासूबाईंसाठी तिथला अंगारा घेतला. परतीचे विमान तीन तास उशिरा आले. कोणी कारण धड सांगेना. सगळे चिडले होते. मला त्याचे काही वाटले नाही, मी 'नागनिका, नागनिका' असे मनात घोकत बसले होते, घरी जाईपर्यंत विसरू नये म्हणून.

फेब्रुवारीत यजमानांच्या मागे मोटारसायकलवर बसून नाणेघाटाला जाऊन आले. जुन्नरहून घाटघर तीसेक किलोमीटर. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, त्यात जकातीचे पैसे टाकीत असे सांगतात. थोडे खाली उतरले की ती गुहा. भिंतींवर ब्राह्मी अक्षरांचा लेख. सातकर्णी राजाची राणी नागनिका, तिचा तो लेख, असे विद्वान मानतात. केलेले यज्ञ त्यात मोजले आहेत, हजारांनी दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, नाणी मोजली आहेत. त्यात राणीविषयी असेही आहे की ती महिना महिना उपवास करणारी, घरात राहून तपस्विनी झालेली होती. आपल्यातल्या किती जणींबद्दल हेच लिहिता येईल, पण भिंतीवर कोण लिहितो? समोरच्या भिंतीत राजघराण्याच्या मूर्ती होत्या. वर नावे कोरलेली आहेत. मूर्तींची मात्र आता पावलांपाशी थोडी खूण उरली आहे. यजमान बराच वेळ तिथे उभे होते. येताना म्हणाले, "तुझ्या विमानापेक्षा हे बरे." मी काही बोलले नाही. विमानात बसले नसते तर इथे आलेच नसते, हे त्यांना कशाला सांगायचे?

विमानाने एका दिवसात वेरूळ बघणे चांगले की वाईट, असे मला विचाराल तर पोट भरत नाही, पण चव कळते. ज्यांची मुले नेतील त्यांनी जरूर जावे. पण माझी मंडळाला विनंती आहे की या वर्षीची आपली सहल जुन्नरची काढावी. सकाळी लवकर निघून आधी नाणेघाट, दुपारी लेण्याद्री, आणि वेळ उरला तर तुळजा लेणे. तिथे बारा खांबांचे गोल चैत्यगृह आहे म्हणतात, ते मीही अजून पाहिलेले नाही. मानमोडीचे भीमाशंकर लेणे मात्र या खेपेला नको. मधमाश्यांची पोळी असतात आणि वाट अवघड आहे. बरोबर एक माहितगार हवाच, नाहीतर पुन्हा नारळ फोडून खाली येऊ. आपल्या भागातल्या शाळेतले एखादे इतिहासाचे गुरुजी येतात का, ते मी विचारते. शाळेतल्या सातवीच्या मुलींपैकी ज्यांची वर्गणी अडेल, अशा चार-पाचजणींना मंडळाने बरोबर न्यावे, त्यांचा खर्च आपण वाटून घेऊ. माझ्या वाट्याचे पैसे मी आजच आणले आहेत.

नावे कार्यवाहबाईंकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवापर्यंत द्यावीत. डबा आपापला, पाण्याच्या दोन बाटल्या, पायात वहाणांऐवजी बूट. अडकित्ता खुशाल आणा.