आगगाडीच्या इंजिनांचीं टोपणनांवें



१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्याकडे जी पहिली उतारूंची आगगाडी निघाली, तिचे चौदा डबे साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनीं ओढले. संस्थानिकाच्या हत्तींस शोभावीं अशीं हीं डौलदार नांवें! आज मात्र मला बोलावयाचें आहे तें थट्टेंतून, रागांतून किंवा कौतुकांतून आपोआप चिकटलेल्या नांवांविषयीं.

स्टीफन्सन पितापुत्रांच्या ज्या ‘रॉकेट’ इंजिनानें १८२९ सालीं रेनहिलची शर्यत जिंकली, त्याच्या नांवामागें एक टोमणा आहे असें मानतात. ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’मध्यें १८२५ सालीं एका लेखकानें लिहिलें होतें कीं, अशा वेगवान् यंत्राच्या स्वाधीन होण्यास जो माणूस तयार होईल, तो काँग्रीव्हच्या अग्निबाणावर बसून उडण्यासहि तयार होईल. स्टीफन्सननीं तो टोमणाच जणूं आपल्या इंजिनाच्या माथीं मिरविला. आणि काँग्रीव्हनें तरी बाणांची कल्पना घेतली कोठून? हैदर-टिपूंच्या म्हैसुरी फौजेकडून!

‘मिकाडो’ची कथा निराळी. १८९७ सालीं अमेरिकेंतील बाल्डविन कारखान्यानें जपानसाठीं पुढें दोन, मध्यें आठ व मागें दोन चाकें असलेलीं इंजिनें बांधलीं. जपानी सम्राटाच्या पदवीवरून नांव घेतलेली ‘मिकाडो’ ही संगीतिका १८८५ पासून गाजत होतीच. तेंच नांव या चाकांच्या मांडणीस पडलें. १९४१ च्या डिसेंबरांत पर्ल हार्बरवर हल्ला झाला, आणि शत्रूच्या सम्राटाचें नांव अमेरिकनांच्या कानांस टोंचूं लागलें. कित्येकांनीं त्याच इंजिनांस ‘मॅकआर्थर’ म्हणण्यास आरंभ केला. इंजिनाचा एक खिळाहि बदलला नव्हता! युद्ध संपल्यावर जुनें नांव पुन्हां रूढ झालें. आपल्याकडे १९५० पासून मालगाड्यांस जोडलेलीं डब्ल्यूजी इंजिनें याच मांडणीचीं होतीं.

पण मला सर्वांत आवडते ती त्याच १९४१ सालची दुसरी हकीकत. न्यूयॉर्क संस्थानांतील स्केनेक्टडीच्या कारखान्यांत युनियन पॅसिफिक रेल्वेसाठीं एक अजस्र धूड तयार होत होतें. टेंडरसह लांबी १३२ फुटांहून अधिक, गाडी ओढणारीं चाकेंच सोळा. ज्या डोंगरांतून तें धांवावयाचें होतें त्यांवरून त्यास ‘वासाच’ म्हणावें असा विचार चालला होता. इतक्यांत एका कामकऱ्यानें खडू उचलला आणि इंजिनाच्या तोंडावर लिहिलें : ‘बिग बॉय’. आपण म्हणूं, ‘थोरला पोर’! झालें, वासाच मागें पडलें.

अशीं पंचवीस इंजिनें निघालीं. त्यांतील ४०१४ क्रमांकाचें इंजिन दुरुस्त होऊन २०१९ सालीं पुन्हां रुळांवर धांवलें, तेव्हां रुळांच्या दुतर्फा लोटलेली गर्दी त्याच खडूच्या नांवानें त्यास ओळखत होती. खडू हातीं धरणाऱ्याचें नांव मात्र कोणीं टिपून ठेवलें नाहीं.