कर्कश कंठासाठी मायक्रोफोनची निवड

संगीताच्या विस्तीर्ण प्रांतात असाही एक प्रकार आहे, की जेथे गायकाचा कंठ गोड नसावा हीच पहिली अट असते. इंग्लंडातील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात १९६८ साली स्थापन झालेल्या ‘ब्लॅक सॅबथ’ या संचापासून ‘हेवी मेटल’ संगीताचा वंश सामान्यतः मोजला जातो. त्या पहिल्या पिढीचे गायक गातच असत. पुढे मात्र या वृक्षास ज्या शाखा फुटल्या, त्यांत गाणे मागे पडले आणि गुरगुरणे व किंचाळणे पुढे आले. बर्मिंगहॅमच्याच ‘नेपाम डेथ’चा ‘स्कम’ आणि अमेरिकेतील फ्लॉरिडाच्या ‘डेथ’ या संचाचा पहिला संग्रह, दोन्ही १९८७ सालचे. तेथून हा कंठ जगभर पसरला. मुंबईत २००० साली स्थापन झालेल्या ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ या संचानेही तो स्वीकारला.

हे संगीत कोणास रुचेल, कोणास रुचणार नाही. तो वाद येथे करावयाचा नाही. प्रस्तुत भाषणाचा विषय अगदी मर्यादित आहे: अशा कंठासमोर मायक्रोफोन कोणता ठेवावा? वरवर पाहता हा दुकानदाराचा प्रश्न वाटतो. वस्तुतः तो गायकाच्या घशाचा प्रश्न आहे.

प्रथम हा आवाज म्हणजे काय, ते पाहिले पाहिजे. आपल्याकडे शाहिराच्या खड्या आवाजाची कीर्ती आहे. पण खडा आवाज आणि कर्कश आवाज यांत महदंतर आहे. खडा आवाज उंच व जोरकस असला, तरी स्वच्छ असतो. स्वरतंतू ठराविक गतीने मिटतात व उघडतात आणि त्यातून सूर निर्माण होतो. मेटल गायकाच्या कर्कश उच्चारात स्वरतंतूंच्या वर ज्या मांसल घड्या असतात, ज्यांना मिथ्या स्वरतंतू म्हणतात, त्याही थरथरू लागतात, आणि त्यांची थरथर नियमित नसते. सायबेरियाच्या दक्षिणेस तुवा प्रांतातील गायक ‘कार्गिरा’ नावाच्या गायनप्रकारात याच घड्यांचा उपयोग करतात. पण त्यांच्याकडे ती थरथर शिस्तीत चालते, म्हणून एक सप्तक खालचा गंभीर सूर ऐकू येतो. मेटल गायकास सूर नको असतो. त्यास हवी असते ती घरघर.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात, आणि त्या दोन्ही सामान्य समजुतीच्या विरुद्ध आहेत. पहिली ही, की कसलेला गायक ऐकणाऱ्यास वाटते तितक्या मोठ्याने ओरडत नसतो. आवाजाचा भयंकरपणा त्याच्या पोतात असतो, जोरात नव्हे. दुसरी ही, की ज्या आवाजात निश्चित सूर नाही, त्यातील शब्द कानास बव्हंशी व्यंजनांवरून ओळखावे लागतात. ही ओळख मुख्यतः सेकंदाला दोन ते चार हजार आवर्तनांच्या पट्ट्यात होते. आता दुर्दैव असे, की विकृत केलेल्या गिटारचा कचकचाट आणि झांजांचा झणत्कार याच पट्ट्यात व त्याच्या आसपास दाटी करून बसलेला असतो. त्या दाटीतून गायकाचे शब्द पुढे आणणे, आणि त्याच वेळी सहा ते आठ हजार आवर्तनांच्या भागातील कान कापणारी खरखर न वाढविणे, एवढे काम मायक्रोफोनने करावयाचे असते.

मायक्रोफोनची घराणी मुख्यतः दोन धरता येतील. पहिले कंडेन्सरचे. अमेरिकेत वेंट या शास्त्रज्ञाने १९१६ साली ते सिद्ध केले. त्यातील पडदा काही मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसाहूनही कितीतरी पातळ असतो. तो हवेची बारीकसारीक हालचालही टिपतो. जर्मनीतील नॉयमन कंपनीचा १९६७ सालचा ‘यू ८७’ हा या घराण्यातील कुलभूषण म्हणावा लागेल. मृदू गळ्याच्या गायकास असे यंत्र म्हणजे वरदान आहे. परंतु घरघरणाऱ्या कंठातील जी खरखर झाकावयाची, तीच ते उजळ करून दाखविते. शिवाय खोलीतील प्रतिध्वनीही पदरात टाकते. आजच्या ‘यू ८७’ची सहनमर्यादा, पाठीवरील बटनाने संवेदन कमी केले नाही तर, ११७ डेसिबेल आहे. ओठ जवळ आणून किंचाळणारा गायक ती सहज ओलांडू शकतो. म्हणून ‘जे महाग ते उत्तम’ हा हिशेब येथे चालत नाही. तरुण मुले पैसे साठवून प्रथम कंडेन्सर आणतात आणि मग आपला आवाज पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा का येतो, म्हणून कष्टी होतात.

दुसरे घराणे डायनॅमिकचे. यात पडद्यास तारेचे बारीक वेटोळे चिकटविलेले असते व ते चुंबकाच्या क्षेत्रात हलते. वेटोळ्याच्या वजनामुळे पडदा किंचित आळशी होतो. आवाजाची तीक्ष्ण टोके त्याच्यापाशी येईतो थोडी बोथट होतात. सूक्ष्मतेच्या दृष्टीने हा दोषच आहे. पण कर्कश कंठाच्या बाबतीत हा दोष गुणाचे काम करतो, आणि या संगीतात डायनॅमिक मायक्रोफोन इतका रुजला, त्याचे खरे कारण हेच. केवळ तो स्वस्त व दणकट आहे म्हणून नव्हे.

अमेरिकेतील शूर कंपनीचा ‘एसएम ५८’ हा १९६६ साली बाजारात आला. त्याचे अंतरंग एर्नी सीलर या अभियंत्याने १९५९ साली सिद्ध केलेल्या ‘युनिडाइन ३’ या रचनेवर आधारलेले आहे. गंमत अशी, की ‘एसएम’ म्हणजे ‘स्टुडिओ मायक्रोफोन’. योजना होती मुद्रणगृहासाठी आणि राज्य मिळाले रंगमंचाचे. सेकंदाला ५० ते १५,००० आवर्तने एवढा त्याचा आवाका असून चार हजारांच्या पुढे त्याने स्वतःच थोडी उठावणी दिलेली आहे. शब्द पुढे येतात ते तिच्यामुळे. त्याचा १९६५ सालचा वडील भाऊ ‘एसएम ५७’ प्रकृतीने तसाच. मात्र त्यास गोल जाळी नाही, म्हणून ‘प’ आणि ‘भ’ उच्चारताना श्वासाचा धक्का थेट पडद्यावर बसतो.

मुद्रणगृहात ज्याचे नाव सर्वांत अधिक ऐकू येते, तो ‘एसएम ७’ १९७३ सालचा, आणि आज मिळणारा ‘एसएम ७ बी’ २००१ सालचा. मायकेल जॅक्सनचा १९८२ सालचा ‘थ्रिलर’ मुद्रित करताना ब्रूस स्वीडीन यांनी ‘एसएम ७’ वापरला होता. ज्या यंत्राने तो नाजूक, लवचीक गळा टिपला, तेच यंत्र गुरगुरणाऱ्या गळ्यासही मानवावे, यात अचंबा वाटण्याचे कारण नाही. पडदा श्वासाच्या धक्क्यापासून दूर ठेवलेला, खरखर माफक, आणि खर्ज कमी करण्यासाठी व मधला पट्टा उठविण्यासाठी पाठीवर बटने, हे गुण दोघांनाही उपयोगी आहेत. त्याचा एक अवगुण मात्र खरेदी करणाऱ्याने आधीच जाणून घ्यावा. त्याचा विद्युत्संदेश फार क्षीण असतो. तो निदान ६० डेसिबेलने वाढवावा लागतो. हलक्या प्रतीच्या वर्धकाने तो वाढविला, की आवाजाबरोबर फुसफुसही वाढते. सारे पैसे मायक्रोफोनवर खर्चून वर्धकासाठी काही न उरणे हा या व्यवहारातील नित्याचा घोटाळा आहे. जो गायक आवेशात मान पुढेमागे करतो, त्याने इलेक्ट्रो-व्हॉइस कंपनीचा १९६८ सालचा ‘आरई २०’ ऐकून पाहावा. बहुतेक दिशादर्शी मायक्रोफोन ओठांच्या जवळ आले, की खर्ज फुगवितात. ‘आरई २०’च्या रचनेत ही फुगवण बरीच आवरलेली आहे. अर्थात गुरगुरण्यास थोडी फुगवण हवीशीही वाटते. ती बास गिटारच्या अंगावर पडू लागली, म्हणजे अती झाली असे समजावे.

नॉर्वेत तर १९९३ साली एकाने उलटाच मार्ग धरला. ‘बर्झम’ या नावाने मुद्रण करणाऱ्या या वादकाने मुद्रणगृहातील सर्वांत वाईट मायक्रोफोन मागितला आणि कानाला लावावयाच्या श्रवणसंचाचा मायक्रोफोन त्याच्या हाती आला. ‘फिलोसोफेम’ हा तो संग्रह १९९६ साली प्रसिद्ध झाला. १९९४ साली हा मनुष्य खून व चर्चे जाळणे या गुन्ह्यांबद्दल दोषी ठरला. तो आदरास पात्र नाही. परंतु वाईट यंत्राचीही निवड समजून-उमजून करता येते, एवढे त्या मुद्रणावरून दिसते.

आता रंगमंचाकडे वळू. खरी हानी तेथे होते. या संगीतात मायक्रोफोनची जाळी दोन्ही पंजांत घट्ट कवटाळून धरण्याची एक चाल पडली आहे. दिसावयास ती रुबाबदार दिसते. परंतु दिशादर्शी मायक्रोफोन समोरचा आवाज घेतो व मागचा टाळतो, तो पडद्याच्या मागील बाजूस ठेवलेल्या छिद्रांच्या बळावर. मागून येणारा आवाज समोरून आणि या छिद्रांतून अशा दोन वाटांनी पडद्याकडे येतो आणि स्वतःस रद्द करतो. पंजाने ती छिद्रे झाकली, की मायक्रोफोन सर्व दिशांनी ऐकू लागतो. ढोल, गिटार आणि गायकाच्या पायाशी ठेवलेला मॉनिटर, सारेच त्यात शिरतात व लगेच शिट्टी सुरू होते. शिवाय पंजाच्या पोकळीत आवाज घुमल्यामुळे मधला पट्टा फुगतो आणि गायकास वाटते, आपला आवाज भरदार झाला.

पुढचा क्रम ठरलेला आहे. शिट्टी थांबविण्यासाठी ध्वनिनियंत्रक मॉनिटरमधील गायकाचा आवाज उतरवितो. गायकास स्वतःचा कंठ ऐकू येत नाही. जो आवाज मुळात जोराचा नव्हता, त्यावर तो जोर देऊ लागतो. मिथ्या स्वरतंतूंनी करावयाचे काम खऱ्या स्वरतंतूंवर येऊन पडते, ते सुजतात, आणि दुसऱ्या दिवशी बोलताही येत नाही. न्यू यॉर्कच्या शिक्षिका मेलिसा क्रॉस यांनी असा कंठ इजा न करता कसा वापरावा याचे धडे ‘द झेन ऑफ स्क्रीमिंग’ या २००५ सालच्या चित्रफितीत दिले. पण ज्यास स्वतःचा आवाज ऐकूच येत नाही, त्यास शिकलेले तंत्रही ऐन वेळी सोडून जाते.

म्हणून मंचासाठी निवड करताना मॉनिटर कोठे ठेवला जाणार, हे आधी विचारावे. ‘एसएम ५८’ नेमका पाठीमागचा आवाज टाळतो. त्याच्यासाठी मॉनिटर गायकाच्या अगदी समोर, मायक्रोफोनच्या शेपटीच्या दिशेस हवा. ‘बीटा ५८ ए’सारखा अधिक अरुंद दृष्टीचा मायक्रोफोन बाजूचा गलका चांगला टाळतो, पण ठीक पाठीमागे तो थोडे ऐकतो. त्याच्यासाठी मॉनिटर डावी-उजवीकडे तिरपे ठेवावे लागतात. आणि ज्यास कवटाळण्याची सवय सुटतच नाही, त्याच्या हाती कोणताही किमती मायक्रोफोन देणे व्यर्थ आहे.

निवडीची कसोटी अशी घ्यावी. दोन-तीन मायक्रोफोन उसने किंवा भाड्याने आणावेत. गायकाने उभे राहून, मंचावर राहतो त्याच पवित्र्यात, एकच कडवे प्रत्येकासमोर म्हणावे. नुसता आवाज ऐकू नये. ढोल व गिटार यांच्या मुद्रणावर तो चढवून ऐकावा, कारण एकटा असताना जो आवाज बारीक वाटतो, तोच संगतीत नेमका बसतो. सर्वांची पातळी सारखी करणे अत्यावश्यक आहे. जो किंचित मोठा, तो कानास नेहमीच चांगला वाटतो. कोणता कोणाचा हे न सांगता तिसऱ्याने ऐकवावे, आणि शब्द कोणत्यात समजतात तेवढेच विचारावे. विकत घेताना मात्र भरवशाच्या विक्रेत्याकडूनच घ्यावा. ‘एसएम ५८’च्या नकला बाजारात फार आहेत. अस्सलाचे वजन २९८ ग्रॅम भरते. त्याची जाळी आटे फिरवून निघते. ती अधूनमधून धुऊन, पूर्ण वाळवून मगच बसवावी.

या कसोटीत तीन वेळा म्हटल्यानंतरच घसा खवखवू लागला, तर मायक्रोफोन तूर्त बाजूस ठेवावा आणि कानात स्वतःचा आवाज पुरेसा येतो की नाही, ते प्रथम पाहावे. तो पुरेसा असूनही घसा दुखत असेल, तर उच्चाराची रीतच चुकते आहे. आणि बसलेला आवाज तीन आठवड्यांत सुटला नाही, तर दुकानात न जाता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावे.