गाडी बंद पडली, तारीख हुकली

(नरसी नामदेव येथील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढं 'मोपेडची दुरुस्ती' वाचून काहीजणी हसल्या. कायदा, पोटगी, आरोग्य यांच्यामध्ये हे कुठून आलं? तेच सांगायला उभी आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्यातल्या एका मैत्रिणीची पोटगीच्या केसची तारीख होती. सकाळी तिला मागं बसवून मी नरसीहून निघाले. गाडी जुनी, टू-स्ट्रोक मोपेड. पाच-सहा किलोमीटर नीट चालली आणि दम सोडत बंद पडली. किक मारून मारून पिंढऱ्या भरून आल्या. दहा मिनिटांनी सुरू झाली, पुन्हा थोड्या अंतरावर बंद. जाणारे-येणारे थांबले. एक जण म्हणाला, "ताई, बायांच्या हाती गाडी दिली की असंच होतं." ढकलत मिस्त्रीपर्यंत नेली. त्यानं टाकीचं झाकण काढलं, त्यातलं बारीक भोक तारेनं मोकळं केलं. गाडी चालू! पण कोर्टात पोचलो तेव्हा पुकारा होऊन गेला होता. पुढची तारीख दोन महिन्यांनंतरची. ते दोन महिने तिनं लेकरांना कशावर पोसलं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

टाकीतलं पेट्रोल खाली उतरतं तशी वरून हवा आत यावी लागते. धुळीनं ते भोक बुजलं की पेट्रोल अडतं. गाडी थोडी चालते, बंद पडते, थांबलं की परत चालते. गोडेतेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल अडखळत येतं, दुसरं पाडलं की धार लागते. हे तर आपल्याला न शिकवता कळतं! पण गाडीपाशी गेलं की आपण आपलं शहाणपण घरी ठेवून येतो. यंत्र हे पुरुषाचं काम, असं लहानपणापासून ऐकलेलं असतं ना.

त्या दिवसानंतर मी त्याच मिस्त्रीकडं जाऊन बसू लागले. तो आधी हसला, मग शिकवू लागला. त्याचं पहिलं वाक्य मी विसरले नाही. गाडीला तीन गोष्टी लागतात: पेट्रोल, हवा आणि ठिणगी. यातलं काय कमी आहे, एवढंच शोधायचं.

गाडी सुरू होत नाही? आधी टाकीत डोकवा. पेट्रोलचा कॉक उघडा आहे का, रिझर्व्हवर न्यायचा राहिलाय का, ते बघा. थंडीत सकाळी चोक ओढा, पण इंजिन तापलं की परत ढकला.

तरी नाही, तर प्लग खोला. इंजिन गार होऊ द्या, जवळ कोणाला बिडी ओढू देऊ नका. प्लगचं टोक बघा. कोरडं असेल तर पेट्रोल पोचत नाही: झाकणाचं भोक, कॉकची जाळी, नळी, कार्ब्युरेटरचा जेट या क्रमानं तपासा. ओलं असेल तर पेट्रोल येतंय, पण पेटत नाही. मग कॉक बंद करा, प्लग पुसून वाळवा, थोडं थांबा. काळा थर असेल तर ब्रशनं घासा.

ठिणगी बघायची तर प्लग त्याच्या टोपीत बसवा, त्याची धातूची बाजू इंजिनाला टेकवा आणि किक मारा. सांडलेलं पेट्रोल आधी पुसून घ्या, प्लग भोकापासून लांब धरा, धातूला हात लावू नका. निळी, टचटचीत ठिणगी हवी. नसेल तर नवा प्लग लावून बघा. तरी नसेल तर मात्र मिस्त्री.

चढावर गाडी दम टाकत असेल तर सायलेन्सरमध्ये काजळी साचलेली असते. टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलबरोबर ऑइल जळतं, म्हणून ती साचते. पण काजळी नको म्हणून ऑइल टाकायचं टाळू नका, पिस्टन जाम होईल. पुस्तिकेत दिलेलं प्रमाण पाळा.

ज्यांच्याकडं २०२० नंतरची बीएस-६ गाडी आहे, त्यांच्यापैकी अनेकींच्या गाडीत कार्ब्युरेटर नसेल, इंजेक्टर असेल. तो खोलू नका. पेट्रोल, प्लग आणि बॅटरीची जोडणी मात्र तिथंही आपणच बघायची.

पुण्याची लूना १९७२ मध्ये आली, होसूरची टीव्हीएस ५० १९८० मध्ये. गिअर नाही, वजन कमी, साडीवरही चालवता येईल अशी ही गाडी. तरी गावात ती बराच काळ दूधवाल्याची आणि भाजीवाल्याचीच राहिली. तमिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेत हजारो बायका सायकल शिकल्या. त्यांची चेष्टा झाली, वाईटसाईट बोललं गेलं, तरी त्या शिकल्या. चाक हाती आलं की बाजार, दवाखाना, बैठक या ठिकाणी जायला कुणाची वाट बघावी लागत नाही. लोकांना खुपतं ते हेच.

आपण नामदेवांच्या गावात बसलो आहोत. इथले नामदेव पंजाबात घुमानपर्यंत गेले, त्याचं आपण कौतुक करतो. आपल्याला मात्र हिंगोलीला जायचं तरी घरात विचारावं लागतं! म्हणून आणखी एक विचारते. तुमच्या गाडीचं आरसी बुक कुणाच्या नावावर आहे? लायसन्स काढलंय का? हप्ते बचतगटातून तुम्ही फेडायचे, गाडी नवऱ्याच्या नावावर, आणि भांडण झालं की चावी त्याच्या खिशात! प्लगइतकंच हेही तपासा.

आणि एक खरं सांगते. सगळं शिकूनही गाडी कधी कधी बंद पडतेच. मिस्त्रीचे पैसे वाचवायला मी हे सांगत नाहीये. रस्त्यात उभं असताना काय बिघडलंय ते कळलं, तर कुणी काही बोलला म्हणून मान खाली जात नाही.

ती मैत्रीण आज इथंच बसली आहे. आता तारखेला ती स्वतः गाडी चालवत जाते, आणि तिच्या पिशवीत केसच्या कागदांबरोबर प्लगपाना असतो.

चला, चहाच्या आधी अंगणात या. माझी गाडी उभी आहे, इंजिन गार आहे. प्लग मी काढणार नाही. तुम्ही काढायचा.