निर्वासित नव्हे, पुरुषार्थी!

(डोंबिवली येथील एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा हा संपादित भाग.)



आजचा विषय मला देण्यात आला तो 'स्थलांतरितांचे पुनर्वसन आणि समाजाचे दायित्व' असा. जगभरातील उदाहरणे देता आली असती. परंतु आपण ज्या सभागृहात बसलो आहोत तेथून लोकलने फार तर पाव तासाच्या अंतरावर या विषयाचे सर्वांत मोठे उदाहरण उभे आहे आणि आपल्यापैकी बहुतेकांनी त्याच्याकडे त्या दृष्टीने कधी पाहिलेले नाही. मी उल्हासनगराविषयी बोलतो आहे.

आरंभीच एक कबुली देतो. आमच्या बालपणी उल्हासनगर म्हटले की एकच विनोद ठाऊक असे: 'मेड इन यूएसए', म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. तो ऐकून आम्ही पोट धरून हसत असू. आमच्या दारी दर पंधरा दिवसांनी एक सिंधी वृद्धा पापड घेऊन येई. आई तिच्याशी घासाघीस करी, पापड घेई, उन्हाळ्यात पाणीही देई. मात्र 'मावशी, तुमचे गाव कोणते?' हा प्रश्न आमच्या घरातून तिला एकदाही विचारला गेला नाही. ती कोणती नदी, कोणते अंगण, कोणते देवघर मागे टाकून आमच्या उंबरठ्यापर्यंत आली होती, हे जाणून घेण्याची आम्हाला गरज वाटली नाही. आजचे भाषण ही त्या न विचारलेल्या प्रश्नाची थोडीशी परतफेड आहे.

भूमीविना समाज

फाळणीत पंजाब आणि बंगाल यांची विभागणी झाली. सिंधची झाली नाही. तो प्रांत संपूर्णपणे पाकिस्तानात गेला. याचा अर्थ नीट ध्यानी घ्यावा. पंजाबी हिंदूला अर्धा का होईना, पंजाब उरला. बंगाल्याला पश्चिम बंगाल उरला. सिंधी हिंदूला आपली भाषा जेथे रस्त्यावर ऐकू येईल असा एक तालुकाही भारतात उरला नाही. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली आणि 'परिस्थिती निवळेल' या आशेवर थांबलेल्यांनीही घरे सोडली. कोणी जहाजाने मुंबईस व काठियावाडच्या बंदरांवर उतरले, कोणी आगगाडीने जोधपूरमार्गे आले. वाड्यांचे मालक, वकील, प्राध्यापक, सावकार, दुकानदार असे सारे एका रात्रीत रांगेत उभे राहिले.

सरकारने या लोकांसाठी काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कल्याणजवळ महायुद्धकाळातील लष्करी छावणी होती. तिच्या बराकी निर्वासितांसाठी खुल्या झाल्या आणि चौऱ्याण्णव हजारांच्या घरात माणसे तेथे आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसविण्यात आली आणि शेजारून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही तेथील माणूस पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर पाच' असेच सांगतो. पंचाहत्तर वर्षे उलटली, तरी छावणी पत्त्यातून गेलेली नाही!

बराक म्हणजे छप्पर. छप्पर म्हणजे घर नव्हे. सरकार छप्पर देऊ शकते, शिधा देऊ शकते. परंतु त्या छपराखाली बसलेल्या मनुष्याला 'मी अजून कोणीतरी आहे' असे वाटावे, हे काम समाजालाच करावे लागते. सिंधी समाजाने ते कसे केले, हे तीन उदाहरणांनी सांगतो.

वाळवंटात वसलेले नगर

पहिले उदाहरण गांधीधामचे. भाई प्रताप दियलदास हे हैदराबाद सिंधचे धनिक व्यापारी. विखुरलेल्या समाजासाठी एक स्वतंत्र नगर वसवावे, ही त्यांची कल्पना. महात्मा गांधींनी तिला पाठबळ दिले आणि कच्छच्या महारावांनी कांडला खाडीजवळची पंधरा हजार एकर भूमी दिली. आचार्य कृपलानी यांच्यासारख्या सिंधपुत्राचा आधार घेऊन सिंधू रिसेटलमेंट कॉर्पोरेशन ही संस्था उभी राहिली. ही धर्मादाय संस्था नव्हती, हे मुद्दाम ध्यानात घ्या. ती भागधारकांची संस्था होती. निर्वासितांनी भाग घेतले, भूखंड घेतले आणि ते आपल्याच नगराचे मालक झाले. दानाच्या ताटावर बसलेला मनुष्य आणि भाग विकत घेतलेला मनुष्य यांच्या ताठ कण्यात जो फरक असतो, तोच गांधीधामच्या यशाचे मर्म आहे.

ती भूमी कशी होती? क्षारयुक्त, ओसाड, वाऱ्यावर रेती उडणारी. पण दृष्टी दूरची होती. कराची बंदर पाकिस्तानात गेल्यामुळे पश्चिम किनाऱ्यावर नव्या बंदराची निकड होती आणि त्यासाठी कांडल्याची निवड झाली. १९५२ मध्ये रेल्वे आली, १९५५ मध्ये कांडला प्रमुख बंदर म्हणून घोषित झाले आणि १९६५ मध्ये तेथे आशियातील पहिले निर्यात प्रक्रिया क्षेत्र सुरू झाले. बंदर आधी की वस्ती आधी, हा वाद तेथे उद्भवलाच नाही. दोन्ही एकमेकांच्या आधाराने वाढली. अर्थात मधली वर्षे फार कठीण गेली. काम उभे राहीपर्यंत वाट पाहणे ज्यांना शक्य नव्हते, अशी अनेक कुटुंबे मुंबई, पुणे, अहमदाबाद येथे पोटामागे निघून गेली. यावरून बोध एवढाच की, घर आणि रोजगार यांच्यात अंतर पडले की उत्तम योजनेचीही गती मंदावते.

महाविद्यालये घेऊन आलेली माणसे

दुसरे उदाहरण मुंबईचे. घर सोडताना मनुष्य दागिने घेतो, कागदपत्रे घेतो. सिंधी प्राध्यापकांनी आपली महाविद्यालये बरोबर आणली! कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजातून विस्थापित झालेल्या अध्यापकांनी १९४८ मध्येच मुंबईत जयहिंद कॉलेज सुरू केले. हैदराबादच्या नॅशनल कॉलेजचे प्राचार्य के. एम. कुंदनानी आणि बॅरिस्टर होतचंद अडवाणी यांनी १९४९ मध्ये वांद्र्याला नॅशनल कॉलेज उभे केले. १९५४ मध्ये चर्चगेटला के. सी. कॉलेज आले. परदेशी व्यापारात स्थिरावलेल्या सिंधी पेढ्यांनी यासाठी हात सैल सोडला. साधू वासवानी १९४९ मध्ये पुण्यात आले आणि सिंधमध्ये १९३३ साली सुरू केलेल्या मीरा शिक्षण चळवळीचे रोप त्यांनी पुण्याच्या मातीत पुन्हा लावले.

आता विचार करा. ज्यांच्या स्वतःच्या डोक्यावर पक्के छप्पर नव्हते, त्यांनी पहिल्या एक-दोन वर्षांत महाविद्यालये काढली. आणि ती केवळ सिंध्यांसाठी ठेवली नाहीत. या सभागृहातील किती मराठी कुटुंबांतील मुले-मुली त्या संस्थांतून पदवीधर झाली असतील, याचा हिशेब ज्याने त्याने मनाशी करावा. आश्रयास आलेल्याने यजमानाच्या मुलांना शिकविले! एकरूपता म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

मडक्यावरचा ताल

तिसरे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. प्रा. राम पंजवानी जयहिंद कॉलेजात सिंधी शिकवीत. ते छावण्या-छावण्यांतून हिंडले, हातातील मडक्यावर ताल धरीत गायले आणि झुलेलालाच्या उपासनेभोवती त्यांनी विखुरलेल्या समाजाला पुन्हा गुंफले. चेटीचंडचा उत्सव आज गावोगावी होतो, त्यामागे ही तपश्चर्या आहे. ज्याची नदी गेली, त्याला नदीचा देव परत मिळाला. पुढे १९६७ मध्ये सिंधी भाषेचा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात समावेश झाला. एकाही राज्याची भाषा नसताना तिला हा मान मिळाला, तो संघटित आग्रहामुळे.

परंतु गौरवाच्या भरात सत्य झाकू नये. लिपी अरबी की देवनागरी, या वादात बहुमोल वर्षे गेली. आज सिंधी घरांतील नातवंडे हिंदी-इंग्रजी बोलतात. आजीची भाषा त्यांना कळते, बोलता येत नाही. व्यापार उभा राहिला, शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या, पण भाषा मागे पडली. पुनर्वसनाचे हे मूल्य कोणत्याही सरकारी नोंदीत लिहिलेले नाही.

आजचे कर्तव्य

मित्रहो, हा केवळ इतिहास असता तर मी आपला वेळ घेतला नसता. सिंधमधून हिंदू कुटुंबे फाळणीनंतरही येत राहिली आहेत. जोधपूरच्या वस्त्यांत, दिल्लीत मजनू का टीला येथे, आपल्याकडे उल्हासनगरात आणि नागपूरच्या जरीपटक्यात ती राहतात. २०१९ च्या नागरिकत्व सुधारणा कायद्याचे नियम ११ मार्च २०२४ रोजी अधिसूचित झाले आणि ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांचा मार्ग सुकर झाला. त्यानंतर आलेल्यांना मात्र दीर्घ मुदतीच्या व्हिसाचा आणि नेहमीच्या अर्जांचा लांबचा रस्ता आहे.

कायदा झाला म्हणून आपण पेढे वाटले, हे योग्यच. पण कायदा दार उघडतो. आत आलेल्याला बसायला पाट मांडावा लागतो. अर्ज कोण भरून देणार? पारपत्राची मुदत संपलेल्या वृद्धाला कचेरीत कोण घेऊन जाणार? उर्दू-सिंधीत शिकलेल्या मुलीला मराठी शाळेत पहिले सहा महिने कोण सांभाळणार? पाकिस्तानात वैद्यकीय पदवी घेतलेल्या अशा विस्थापित डॉक्टरांना येथे व्यवसायाची संधी मिळावी म्हणून २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने अर्ज मागविले. ती सूचना त्या डॉक्टरांच्या घरापर्यंत पोहोचविण्यासाठी मंत्रालय लागत नाही, दोन सायकली पुरतात.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली: साहाय्याची समिती करताना तिच्यात निम्मी माणसे स्वतः विस्थापित असावीत. गांधीधामने आपल्याला हेच शिकविले. दुसरी: धान्य-कपड्यांचे वाटप एकदा करा, पण शिकवणी, कागदपत्रे आणि रोजगार यांचा पाठपुरावा वर्षभर करा. छायाचित्र वाटपाचे निघते. पाठपुराव्याचे निघत नाही, म्हणूनच तो करणारे कमी असतात. तिसरी विनंती घरातील भगिनींना: त्यांच्या घरी जा आणि त्यांना आपल्या घरी बोलवा. हळदीकुंकवाला बोलवा, चेटीचंडला जा. ज्या घरातील चहा आपण प्यायलो, त्या घराविषयीचे विनोद मग आपल्या तोंडून निघत नाहीत.

फाळणीनंतर अनेकांनी 'निर्वासित' हा शब्द नाकारला होता. आम्हाला 'पुरुषार्थी' म्हणा, असे ते म्हणत. वास गेला तो निर्वासित. पुरुषार्थ ज्याचा त्याच्यापाशी राहतो, तो कोणतीही सीमा हिरावून घेऊ शकत नाही. तो पुरुषार्थ फुलेल एवढी भूमी आपण आपल्या मनात मोकळी ठेवावी.

आमच्या दारी येणारी ती पापडवाली वृद्धा आता या जगात नसेल. तिला विचारायचा राहिलेला प्रश्न मात्र अजून विचारता येतो. या आठवड्यात कोणा एका विस्थापित कुटुंबाकडे जा आणि एवढेच विचारा: 'मावशी, तुमचे गाव कोणते?' उत्तर लांबेल. ऐकत बसा. पुढचे काम तेथूनच सुरू होईल.