जुनी बुलेट सुरू होत नाहीं तेव्हां

जुनें यंत्र लहरी असतें, अशी तक्रार नेहमीं ऐकूं येते. मद्रास येथें १९५५ सालापासून तयार होऊं लागलेल्या रॉयल एनफील्ड बुलेटविषयीं तर ती विशेषच कानीं पडते. परंतु या गाडीचें बिडाच्या सिलिंडरचें जुनें एंजिन सुरू होण्यास तीनच गोष्टी मागतें: पेट्रोल व हवा यांचें योग्य मिश्रण, त्या मिश्रणावर पुरेसा दाब आणि नेमक्या क्षणीं पडणारी ठिणगी. यांपैकीं कोणती उणी आहे हें न पाहतां किक मारीत राहणें म्हणजे नाडी न पाहतां औषध पाजणें होय.

पहिली साक्ष पुढील दिव्यावरील ॲमीटरची. किल्ली फिरवून किक सावकाश दाबली असतां पॉइंट मिटतांच कांटा उण्या बाजूस झुकतो व ते उघडतांच मध्यावर परततो. कांटा मुळींच हलला नाहीं, तर बॅटरी, फ्यूज, तारांचे जोड किंवा मळलेले पॉइंट तपासावे. तो झुकलेलाच राहिला, तर पॉइंट उघडत नाहींत, अथवा विजेला मध्येंच चोरवाट मिळाली आहे असें समजावें. पॉइंटांमधील फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावी लागते.

दुसरी साक्ष प्लगची. बऱ्याच किक मारूनही तो कोरडा निघाला, तर पेट्रोल पोंचत नाहीं. गाडी कांहीं महिने उभी असल्यास कार्ब्युरेटरच्या जेटमध्यें सुकलेल्या पेट्रोलचा चिकटा बसलेला असण्याचा संभव फार. प्लग ओला असेल, तर तो पुसून एंजिनच्या धातूस टेकवावा व किक मारून ठिणगी पाहावी. मात्र तो सिलिंडरच्या उघड्या छिद्रापासून दूर धरावा. तेथून निघणारी वाफ पेट घेऊं शकते. ठिणगी पिवळट, अशक्त आणि पॉइंटांवरच लख्ख चमक, असें दिसल्यास संशय कंडेन्सरवर घ्यावा. बाहेर ठिणगी देणारा प्लगही आंतील दाबाखालीं निकामी ठरूं शकतो; यास्तव नवा प्लग लावून पाहिल्यावांचून निकाल देऊं नये.

तिसरी साक्ष पायाची. डीकॉम्प्रेशनचा खटका न दाबतांही किक सहज खालीं गेली, तर दाब गळत आहे. त्याची झडप अडकली असेल, किंवा टॅपेट अति आंवळल्यामुळें मुख्य झडपा पुरत्या मिटत नसतील. उलट, किकनें पाय जोरानें मागें फेंकला, तर ठिणगी वेळेपूर्वीं पडत असावी. अशा वेळीं हट्ट धरल्यास घोटा दुखावतो.

या तपासांत एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या आणि एंजिन सुरू झालें, तरी दोष कोणता होता हें अज्ञातच राहतें. घाई झाली कीं एका स्वस्त कंडेन्सरच्या अपराधासाठीं कार्ब्युरेटर बदलला जातो, सिलिंडर उघडला जातो आणि अखेरीस धडधाकट गाडी भंगाराच्या भावानें विकली जाते.