किती टाके, की किती सेंटिमीटर?



गावात कुणाला जखम झाली, की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो : "किती टाके पडले?" दहा म्हटलं की आपण हळहळतो, दोन म्हटलं की थोडक्यात निभावलं म्हणतो. पण नुसत्या टाक्यांवरून जखम कळत नाही. चेहऱ्यावर बारीक दोऱ्यानं जवळजवळ टाके घालतात, पाठीवर ते दूरदूर असतात. जखमा सारख्याच लांबीच्या, टाके मात्र निराळे!

आपलं पनवेल म्हणजे वाटांचं गाव. मुंबईहून येणारी वाट इथं फुटते. एक पुण्याकडे जाते, दुसरी गोव्याकडे. वाहनं आली तिथं अपघातही आले. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारनं अशा अपघातग्रस्तांसाठी योजना लागू केली. तीत ठरवून दिलेल्या रुग्णालयांत, अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार रोख पैसे न भरता मिळतो. रुग्णालयाला ते पैसे मागाहून मिळतात, आणि ते कागदावर काय लिहिलं आहे ते पाहूनच.

मग लिहायचं कसं? अमेरिकन मेडिकल असोसिएशननं १९६६ साली वैद्यकीय कामांना आकडी संकेत देणारी यादी काढली. नवी मुंबईच्या कचेऱ्यांत बसून आपल्याकडची मुलंमुली तिकडच्या रुग्णालयांचे कागद याच यादीवरून लावतात. आपल्या सरकारी योजनांचे संकेत वेगळे आहेत. पण त्या यादीतली रीत समजून घेण्याजोगी आहे.

ती तीन गोष्टी विचारते. जखम कुठं आहे? किती खोल शिवली, म्हणजे नुसती कातडी की आतला थरही? आणि शिवलेली लांबी किती सेंटिमीटर?

आता शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी खडू हाती घ्यावा. एका सायकलस्वाराला चार जखमा झाल्या : दंडावर ४ सेंटिमीटर, पोटरीवर ३, गालावर २ आणि मांडीवर ५. पहिल्या तिन्हींची नुसती कातडी शिवली. मांडीची जखम दोन थरांत शिवावी लागली. बेरीज १४ का? नव्हे! दंड आणि पोटरी एका गटातली, शिवणही एकाच प्रकारची, म्हणून ४ आणि ३ मिळून ७. गाल हा चेहऱ्याच्या गटातला, म्हणून २ वेगळे. मांडीची शिवण दुथरी, म्हणून ५ वेगळे. नोंदी तीन झाल्या. बीजगणितात आपण सजातीय पदांचीच बेरीज करतो ना? अगदी तसंच हे.

आणखी एक. जखमेच्या कडा नुसत्या चिकटपट्टीनं जुळवल्या, तर त्या रीतीत ते शिवणकाम धरत नाहीत. ती तपासणीचाच भाग. उलट, तुटलेला स्नायुबंध किंवा मज्जातंतू जोडला, तर त्याची नोंद स्वतंत्र.

तुम्ही म्हणाल, हे कारकुनाचं काम, आम्हाला काय त्याचं? तर मंडळी, कागदावर नुसतं "टाके घातले" एवढंच असेल, तर जखम किती मोठी होती हे पुढं विम्याच्या कचेरीला कळणार नाही, कोर्टालाही नाही. जखम भरून येते, व्रण पुसट होतो. राहतो तो कागद. म्हणून घरी निघताना डॉक्टरांना नम्रपणे विचारा : जागा, लांबी, खोली आणि किती थर शिवले, हे चारही लिहिलंय ना? धनुर्वाताची सुई दिली असल्यास तीही तारखेसह लिहून घ्या. आणि तो कागद रेशनकार्डाबरोबर जपून ठेवा.