ऑपरेशन झाले, दुखणे राहिले

(संस्थेच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. बँकेत कारकून आहे आणि पदवी कला शाखेची. तरीही हा विषय मी मागून घेतला, कारण तो माझ्या अंगावरून गेला आहे. दुखणे जांघेचे असले की आपण पुरुष मंडळी चारचौघांत बोलत नाही.

चार वर्षांपूर्वी माझे हर्नियाचे ऑपरेशन झाले. जखम भरली, पण सहा महिने उलटले तरी जांघेत आग होई. जळगाव-धुळे एस.टी.ने खड्ड्यात आदळा खाल्ला की सुरी फिरल्यासारखी कळ येई. काउंटरवर तासभर बसवेना. ज्यांना दाखवले ते म्हणाले, "ऑपरेशन उत्तम झाले आहे, हे तुमच्या मनाचे खेळ आहेत." हळूहळू घरच्यांनाही तसेच वाटू लागले. ते मला कळेपेक्षा जास्त लागले.

हमाली आणि शेतीच्या आपल्या भागात हर्निया नवा नाही. पोटाची भिंत एका जागी कमकुवत होते आणि तेथून आतडे बाहेर डोकावते. तेथे जाळी बसवतात. दोंडाईचा आपल्याला मिरचीच्या बाजारामुळे माहीत. पण तेथील डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी महागड्या जाळीऐवजी निर्जंतुक केलेले मच्छरदाणीचे कापड वापरले आणि २००३ साली सहकाऱ्यांसह आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे युगांडात झालेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशी स्वस्त जाळी वर्षभराने बाजारातील जाळीइतकीच चांगली ठरली. गरिबाचे ऑपरेशन आवाक्यात आणणारे हे काम आपल्या धुळे जिल्ह्यातले, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

मात्र जाळी कोणतीही असो, जांघेतून तीन बारीक मज्जातंतू जातात. त्यातला एखादा टाक्यात अडकतो, दुखावतो किंवा वणात आवळला जातो. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार शंभरातल्या दहा-बारा रुग्णांना तीन महिन्यांनंतरही त्रासदायक दुखणे राहते. म्हणजे मी एकटा नव्हतो, आणि वेडाही नव्हतो!

पुढे एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला 'टेन्स' नावाचे यंत्र लावले. खिशात मावेल एवढा डबा, बॅटरीवर चालणारा, दोन वायरी आणि चिकटपट्ट्या. त्यामागचे शास्त्र सोपे आहे. लेकराचे डोके आपटले की आई ती जागा चोळते आणि रडे थांबते. का थांबते? मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ साली याचे उत्तर मांडले. स्पर्शाची बातमी जाड तंतू नेतात, वेदनेची बारीक तंतू. मज्जारज्जूत जणू एक दरवाजा आहे. स्पर्शाची गर्दी झाली की वेदनेसाठी तो अर्धवट मिटतो. टेन्सचा सौम्य करंट तेच चोळण्याचे काम करतो. अंगात मुंग्या आल्यासारखे वाटते, झटका बसत नाही.

माझे दुखणे यंत्राने गेले का? नाही. पण अर्धा तास लावले की पुढचे दोन-तीन तास काउंटरवर बसता येऊ लागले. ज्याची रजा संपली आहे त्यालाच याची किंमत कळेल. ब्राझीलमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हर्नियाच्या ऑपरेशननंतर लगेच टेन्स दिल्याने वेदना कमी झाल्या. जुनाट दुखण्यासाठी मात्र एवढा भक्कम पुरावा नाही. म्हणून जादूचा डबा समजून कोणी पैसे घालवू नयेत. आधी सर्जनकडून हर्निया पुन्हा झाला नाही ना, हे तपासून घ्यावे. सूज, ताप किंवा लाली असेल तर थांबूच नये. नस बधिर करण्याचे इंजेक्शन हा आणखी एक मार्ग आहे. पाठीच्या कण्यालगत तार बसवून करंट देण्याच्या एका पद्धतीला अमेरिकेत २०१६ साली पायांच्या विशिष्ट जुनाट वेदनांसाठी मान्यता मिळाली. पण तो खर्च लाखांतला, आपल्या पगारात न बसणारा.

पट्ट्या उघड्या जखमेवर किंवा बधिर कातडीवर लावू नयेत. ऑपरेशननंतर व्रणाजवळ बरेचदा बधिरपणा राहतो, म्हणून जागा जाणकाराकडूनच ठरवून घ्यावी. गरोदर भगिनींनी स्वतःच्या मनाने वापरू नये.

यंत्र मी पिशवीतून आणले आहे. कार्यक्रमानंतर ज्यांना पाहायचे त्यांनी मागच्या बाकाजवळ यावे. हृदयात पेसमेकर असलेल्यांनी मात्र ते लावून पाहू नये. आणि ज्यांना नुसतेच काही विचारायचे आहे, तेही मोठ्याने नाही, त्यांच्यासाठी मी शेवटपर्यंत थांबणार आहे.